हळदीच्या गोदामातून आलेली ‘ओ’

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कुणी मला समजवायला येऊ नये. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. सगळी नोकरी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली – आधी सांगलीला, मग साताऱ्याला – आणि त्या नोकरीने एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली. आवाज यायचा तर तार लागते. तार तुटली की सख्खा भाऊ पलीकडून कितीही ओरडू दे, तुम्हाला ढिम्म ऐकू येणार नाही.

इथले अनुभव मी नेमाने वाचतो. बहुतेक ठिकाणी वडाचं झाड असतं, अमावस्या असते, आणि सांगणाऱ्याने आदल्या दिवशी काय ‘घेतलं’ होतं ते सांगायचं राहून गेलेलं असतं. (चिडू नका, गंमत करतोय.) माझ्या गोष्टीत यातलं काहीच नाही. संध्याकाळची वेळ, डोक्यावर लख्ख दिवे, माणसांनी खच्चून भरलेलं गोदाम, आणि चहाशिवाय कुणाच्या पोटात काही नाही. माझी बायको कित्येक वर्षं मागे लागली होती, लिहा म्हणून. मी टाळत होतो, कारण लिहायला बसलो की शेवटी ‘का’ लिहावं लागतं, आणि ते माझ्याकडे नाही. असो. आता लिहितोय.

साल बहात्तर. मी सांगली एक्स्चेंजला ऑपरेटर. वय पंचविशीच्या आत-बाहेर, डोक्यावर केस भरपूर, आणि नाटकाचं वेड त्याहून जास्त. सांगलीत त्या काळी दगड उचलला तरी खाली एखादा नट सापडायचा. पण ते सगळे जुन्या वळणाचे. पडदा, पेटी, घंटा, पुरुषभर लांब स्वगतं... आम्हाला ते नको होतं. आम्हाला सगळंच नवीन पाहिजे होतं. नवीन म्हणजे नेमकं काय हे कुणी विचारलं की आम्ही त्याच्यावरच चिडायचो.

‘आम्ही’ म्हणजे तिघं. एक मी. दुसरी शमा – मूळची वाईची, सांगलीत एका मुलींच्या शाळेत ड्रॉइंग टीचर. बोलायला फटकळ, पण कोळशाचा तुकडा हातात आला की बघत राहावं असं काम. आणि तिसरा बापू. बापू आष्ट्याचा, घरचा ऊस, पण हा गडी सांगलीत एका हळदीच्या पेढीवर कामाला होता आणि रोज एसटीने येऊन-जाऊन करायचा. हलगी अशी वाजवायचा की बसलेला माणूस आपोआप उठून उभा राहावा. मी त्याला म्हणायचो, “बापू, तू ऊस सोड आणि हलगी धर.” तो म्हणायचा, “आबा मला सोडत्याल आन् हलगी माज्या डोस्क्यात घालत्याल.” आबा म्हणजे त्याचे वडील.

तर आम्ही ठरवलं, एक कार्यक्रम करायचा. नाटकही नाही, गाणंही नाही, चित्रप्रदर्शनही नाही – सगळं एकत्र. कविता वाचताना शेजारी टाइपरायटर खडखडणार, हलगीच्या ठेक्यावर शमा भिंतीएवढ्या कागदावर चित्र काढणार, एक जण तोंडातून शब्द न काढता एसटीचा कंडक्टर होणार. नाव काय द्यायचं यावर चार संध्याकाळी भांडलो. शेवटी शमा वैतागून म्हणाली, “यात सगळंच आहे, तिखटही आहे, आणि कुणाचं पोट भरणार नाही. भडंग म्हणा.” झालं, ‘भडंग’ ठरलं.

जागा बापूने मिळवली. त्याच्या मालकाचं गोदाम. नवी हळद यायला अवकाश होता, म्हणून बरंचसं रिकामं होतं. फक्त मागच्या भिंतीला लागून पोत्यांची थप्पी, पार वरपर्यंत. दार एकच – आणि ते आमच्या स्टेजच्या अगदी शेजारी. हे नीट लक्षात ठेवा, कारण नंतर मला अनेकांनी विचारलंय : मागून कुणी येऊन गेलं असेल. मागे दार नव्हतं हो. वर भिंतीत झरोके होते, त्यातून कबुतर यायचं, माणूस नाही.

दिवस गणपती उठल्यानंतरचे. हा हिशेब माझा. विसर्जन झालं की मंडळांच्या सतरंज्या, दिवे, सगळं मोकळं असतं आणि ओळखीवर फुकट मिळतं. पाऊस त्या वर्षी नव्हताच, त्यामुळे तीही अडचण नाही. पण बापूच्या घरात मात्र त्या दिवसांचा वेगळाच घोर लागून राहिला होता.

बापूचा थोरला भाऊ सर्जेराव फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईत गेला आणि त्याचा पत्ताच लागला नाही. घरी तार आली होती – बेपत्ता. मेला म्हणून नाही, जखमी म्हणून नाही. बेपत्ता. त्याची बायको हौसावहिनी, आणि एक मुलगा, तो सर्जेराव रजा संपवून परत गेल्यावर जन्मलेला. लढाई थांबून कितीतरी महिने झाले, कैद्यांच्या नावांच्या याद्या आल्या, रेडिओवर नावं आली, कशातच सर्जेराव नाही. मग भावकीतली जाणती माणसं आबांना म्हणायला लागली : पोराचं करून टाका, असं लोंबकळत ठेवू नका, म्हाळ आलाय. म्हाळ म्हणजे पितृपंधरवडा. त्यात गवताचा पुतळा करून तो नदीकाठी जाळायचा, दिवस घालायचे, आणि सर्जेराव गेला असं धरून चालायचं. आबा तयार झाले होते. वहिनी तयार नव्हती. पुतळा जळला की तिचं कुंकू जाणार, बांगड्या जाणार. ती एकच म्हणायची, “ते हाईत.” कशावरून म्हणून विचारलं की गप्प.

बापू मला म्हणाला, “दिन्या, वैनीला आणतो भडंगला. घरात लय कोंडल्यासारकं झालंय. शेजारची पारूकाकू बी येईल संगं.”

मी म्हटलं, “आण की. हसतील जरा.”

त्या संध्याकाळी गर्दी अशी झाली की आम्हीच चाट पडलो. पेढीवरचे व्यापारी पांढऱ्या टोप्या घालून पुढे, बायका सतरंजीवर एका बाजूला, कॉलेजची पोरं पार मागे पोत्यांना टेकून. कार्यक्रम मुद्दाम लवकर ठेवला होता, लोकांना घरी जायच्या गाड्या मिळाव्यात म्हणून. टाइपरायटरवाली कविता कुणालाच कळली नाही. (माझीच होती.) कंडक्टरला मात्र टाळ्या पडल्या. आणि शेवटचा आयटम होता ‘हाक’.

ही कल्पनासुद्धा माझीच, आणि ती मला आजही आवडते. प्रेक्षकांनीच करायचा आयटम. मी पुढे येऊन सांगितलं, “मंडळी, ज्याला हाक मारायची आहे त्याला इथून मारा. तो इथे नसला तरी चालेल. जिवंत, मेलेला, माणूस, बैल, कुणीही!” प्रत्येक हाकेनंतर बापू हलगीवर एक थाप देणार आणि शमा कागदावर कोळशाची एक रेघ ओढणार. शेवटी सगळ्या हाकांचं मिळून एक चित्र होणार.

पहिल्यांदा कुणीच तोंड उघडेना. मग एक व्यापारी बसल्या जागेवरून ओरडला, “गणप्याऽऽ, चहा आन रं!” हशा. थाप. रेघ. मग पोरांना जोर चढला. कुणी प्रोफेसरांना हाक मारली, कुणी एका नटीला. एका म्हाताऱ्याने विकून टाकलेल्या बैलाला हाक मारली, “सोन्याऽऽ”, आणि खाली बसून धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. त्याच्यानंतर गोदाम थोडं गप्प झालं. मला वाटलं, जमतंय राव!

तेवढ्यात बायकांच्यातून एक उभी राहिली. डोक्यावरून पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी वहिनीला त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ही ती आहे हे मला कळलंच नाही.

ती म्हणाली, “आवंऽऽ...”

आणि थांबली. बायका खुदखुदल्या. आमच्याकडे त्या वेळी बाई नवऱ्याचं नाव घेत नसे, हे तुम्हाला माहीतच असेल. घेतलं तर उखाण्यात. एरवी ‘आवं’ हीच हाक. मग काय, पोरांना निमित्तच मिळालं – “नाव घ्या! नाव घ्या!” मीसुद्धा हसत म्हटलं, “बाई, अहो नुसत्या ‘आवं’ने अर्धी सांगली ओ देईल. नाव घेऊन मारा हाक!”

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मागच्या पोत्यांकडे तोंड केलं, आणि स्वयंपाकघरातून सोप्याकडे बायका जशी हाक देतात अगदी तशी हाक दिली, “आवं, ऐकताय न्हवं? चला की आता! किती येळ?”

आणि मागून ओ आली.

“आलो, आलो... जरा थांब की!”

पुरुषाचा आवाज. जाड, जरासा घोगरा, तंबाखू खाणाऱ्याचा असतो तसा. आणि वैतागलेला... पारावर गप्पा रंगल्यात आणि घरातून बोलावणं आलं की पुरुष जे बोलतात, तेच आणि तस्संच. एवढा सहज, की सगळं गोदाम फुटलं. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायला लागले. टाळ्या, शिट्ट्या. पुढचा व्यापारी मला हात करून म्हणाला, “वा दिनकरराव, माणूस बरा पेरलायसा!”

मीही हसत होतो. मला वाटलं, बापूने परस्पर कुणाला तरी बसवलंय. शाबासकी द्यायला वळलो, तर हलगी त्याच्या हातातून सुटून पायाशी पडलेली. चेहरा असा पांढरा, की मला वाटलं आता हा पडतोय.

आणि ती बाई? खोटं सांगत नाही – तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आश्चर्यही नव्हतं. कपाळाला आठी होती. उशीर करणाऱ्या नवऱ्यावर बायका चिडतात तशी ती चिडली होती. मग ती हळूच खाली बसली, आणि बसल्यावर तिचे खांदे हलायला लागले. पारूकाकूने तिला जवळ ओढलं.

थाप पडली नाही. शमाने रेघ मात्र ओढली होती.

कार्यक्रम मी कसाबसा गुंडाळला. लोक निघायच्या आत बापूने मला दारामागे ओढून माझी कॉलर धरली.

“दिन्या, कुणाला बशिवला हुतास? खरं सांग. मी तुला काय करत न्हाई.”

“मी? अरे, मला वाटलं तूच—”

“दादाचा आवाज हुता रं त्यो.” बापू रडायला लागला. “दादाचा आवाज मला कळत न्हाई व्हय?”

आता माझा स्वभाव तुम्हाला कळला असेलच. मी तसाच दारात उभा राहिलो आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पुरुषाला अडवून बोलतं केलं. कॉलेजच्या पोरांना तर मी एकेकाला ‘आलो, आलो, जरा थांब की’ म्हणायला लावलं. ती खूश होऊन म्हणाली, पण सगळ्यांचे आवाज कोवळे. दिवसभर हजार आवाज ऐकणारा मी माणूस, ट्रंक कॉलवर ‘हॅलो’ म्हटलं की पेढी कुठली ते ओळखायचो. त्या गर्दीत तो आवाज नव्हता. मजा म्हणजे मागे बसलेली पोरं ठामपणे सांगत होती की आवाज आमच्यातून नाही, आमच्या मागून आला. त्यांच्या मागे पोती आणि पोत्यांमागे भिंत.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीआधी मी गोदामात जाऊन पोती हलवून घेतली. मालक शिव्या देत होता. मागे काही नाही, हळदीची धूळ आणि उंदरांच्या लेंड्या. मी एका टोकाला उभा राहून ओरडलो, शमाला दुसऱ्या टोकाला उभं केलं, जागा बदलल्या, दार उघडं ठेवून ओरडलो, लावून ओरडलो. रस्त्यावरचा आवाज आत येतो का तेही बघितलं. येतो, पण तो दाराकडून येतो, मागून नाही. शमा शेवटी म्हणाली, “दिनू, माझ्या साडीचा रंग बघ. आता मला जाऊ दे.”

तरीही मी घाबरलो नव्हतो बरं का. माझं म्हणणं साधं होतं : कुणीतरी थट्टा केली, आपल्याला सापडला नाही, इतकंच. बापूला भावाची ओढ, त्याला तो आवाज भावाचा वाटला. संपलं. माझ्यापुरतं ते संपलंच असतं. पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी बापू एक्स्चेंजवर आला, तोंड उतरलेलं.

“आबांनी बोलिवलंय तुला. रईवारी.”

“कशाला?”

“घरात रान पेटलंय. वैनी म्हणतीया, ते बोलले. आबा म्हणत्यात, नाटकवाल्यांनी सुनंची चेष्टा केली. भावकी बसणार हाय. तू ये बाबा.”

रविवारी सकाळच्या गाडीने आष्ट्याला गेलो. अंगणात घोंगडी अंथरलेली, आबा मधोमध, बाजूला भावकीतले चार-पाच फेटेवाले. आबा म्हणजे अंगाने दांडगा माणूस, मिशा पांढऱ्याशुभ्र, बोलणं मोजकं. पाणी दिलं, चहा दिला. मग म्हणाले, “पावणं, तुमी शिकल्याली मानसं. फोनवर काम करताय. मला येकच सांगा. त्यो आवाज तुमी काडला?”

“नाही आबा.”

“तुमच्यातल्या कुनी?”

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात आलं की ‘हो’ म्हणावं. चार शिव्या खाव्या आणि मोकळं व्हावं. पण दाराच्या चौकटीला धरून वहिनी उभी होती, आणि खोटं बोलायचं धाडस मला झालं नाही. “नाही आबा,” मी म्हटलं. “आमच्यातल्या कुणीच नाही. मी सगळ्यांना तपासलं.”

आबांनी मान डोलवली. मला वाटलं, सुटलो. पण ते भावकीकडे वळले आणि म्हणाले, “मग इशय मिटला. जित्ता मानूस शेकडो कोसावरनं सांगलीच्या गुदामात बोलंल का? बोलला म्हंजे त्यो गेल्याला हाय. आन् ‘आलो’ म्हनला. आला बिचारा. दारात येऊन हुबा ऱ्हायलाय आपलं करा म्हनून. परवाच्या दिशी करून टाकू.”

मी आ वासून बघतच राहिलो! मी खरं बोललो आणि त्याचा पुतळा झाला. ‘आम्ही केलं’ म्हटलं असतं तरी पुतळाच झाला असता. मी काहीतरी बोलायला गेलो, “आबा, तसं नसतं—”, पण कसं असतं हे मला तरी कुठे ठाऊक होतं? बापू खाली मान घालून बसला होता. बाकीचे हूं हूं करत होते. एक जण उठून पंचांग आणायलाही निघाला.

तेव्हा वहिनी बोलली. ती भावकीसमोर त्याआधी कधी बोलली नव्हती, हे मला बापूने नंतर सांगितलं.

“मामंजी, येक इचारू?”

आबांनी वर पाहिलं.

“‘आलो’ म्हननारा मानूस आल्याला असतो का वो?”

आबांनी भावकीकडे पाहिलं.

“न्हाई, तुमी सांगा. मी चुलीपासनं हाक मारती, तुमी सोप्यात बसल्यालं असता, म्हनता ‘आलो आलो’. तवा तुमी उटल्यालं असता का? बूड तरी हलल्यालं असतं का? भाकरी गार हुतीया, कोरड्यास गार हुतंय, आन् तुमी आपलं ‘आलो’! आलेला मानूस कशाला म्हनंल आलो? त्यो येऊन पाटावर बसंल. ‘आलो’ त्यो म्हनतो, ज्यो अजून तितंच बसलाय आन् ज्येला यायचं हाय.” तिचा आवाज चढला होता. “आन् ‘थांब’ म्हनले मला. मेलेला मानूस थांब कशाला म्हनंल? मी थांबनार हाय. पुतळा जाळायचा आसंल तर मला जाळा आदी.”

मग कडेला बसलेला एक म्हातारा मिशीतल्या मिशीत हसला. म्हणाला, “पोर बोलतीया त्ये खरं हाय गड्या. काल मी धा बारी ‘आलो’ म्हनलो आसंल. म्हातारी अजून शिव्या देतीया.” दुसराही हसला. पंचांगाला निघालेला परत बसला.

आबा हसले नाहीत. ते जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सर्ज्या तर लईच. ल्हानपनापासनं. हाक मारली की आलो, आन् दिस मावळंस्तवर पत्ता न्हाई.” एवढं बोलून त्यांनी उपरण्यात तोंड घातलं, आणि तो दांडगा माणूस आमच्या सगळ्यांसमोर हमसून हमसून रडला. मग डोळे पुसून उठले. जाता जाता म्हणाले, “दिवाळी हुं द्या. मग बगू.”

दिवाळी झाली. मग ‘कारखान्याला ऊस जाऊं द्या’ झालं. आबांनी विषय काढायचंच सोडून दिलं.

दरम्यान साताऱ्याहून एका मंडळाचं बोलावणं आलं. भडंग करा, पण तो ‘आलो आलो’वाला नंबर पाहिजेच! सांगलीहून कीर्ती पोचली होती. बापू यायला तयार होईना. मी आणि शमाने दुसरा हलगीवाला घेऊन कार्यक्रम केला, ‘हाक’सुद्धा ठेवली. लोकांनी हाका मारल्या, मी श्वास रोखून मागच्या भिंतीकडे बघत राहिलो. कुणी ओ दिली नाही. साताऱ्याचे लोक म्हणाले, सांगलीइतकं काही रंगलं नाही.

आणि मग वर्ष संपता संपता बापू एक्स्चेंजच्या जिन्यावरून धडधडत वर आला. धाप लागलेली, टोपी हातात. कैद्यांची अदलाबदल झाली होती आणि सर्जेराव त्यांच्यात होता. जखमी होऊन तिकडच्या हाती लागला, ओळखीची पट्टी हरवलेली, महिनोन् महिने इस्पितळात, आणि कागदोपत्री भलत्याच नावाने. म्हणून यादीत सापडला नव्हता. बोर्ड सोडून मी बापूला मिठी मारली. त्या दिवशी सांगलीत किती जणांचे कॉल चुकीच्या ठिकाणी जोडले गेले, देव जाणे.

आता तुम्ही म्हणाल, छान झालं, मग अमानवीय काय यात? कुणीतरी थट्टा केली, योग जुळला. मीही तेच म्हणत होतो. अगदी छाती काढून म्हणत होतो. आष्ट्याला सर्जेरावांना भेटायला गेलो तोपर्यंत.

सोप्यात बसले होते. हाडांचा सापळा, पण डोळे हसरे. गळ्याभोवती मफलर. ऊन चांगलं तापलेलं, तरी मफलर. मी नमस्कार केला, म्हटलं, “दादा, तुमच्या आवाजाने आम्हाला पार हैराण केलं हो!” ते हसले. हसल्याचा आवाज आला नाही. त्यांनी मफलर बाजूला केला. गळ्यावर, बरोबर मध्यभागी, चुरगळलेल्या कागदासारखा वण होता.

बापू खालच्या आवाजात म्हणाला, “गोळी हितनं गेली. पयल्याच चकमकीत. तवापासनं आवाज न्हाई.”

तेव्हापासून म्हणजे आमच्या भडंगच्या आधी कितीतरी महिने. ज्या संध्याकाळी गोदामात ते घोगरं ‘आलो, आलो’ उमटलं, त्या संध्याकाळी या माणसाच्या गळ्यातून आवाज निघूच शकत नव्हता. जगात कुठेच निघू शकत नव्हता. मी त्यांना विचारलं, गणपतीनंतरच्या त्या दिवसांत तुम्ही काय करत होता? स्वप्न पडलं? हाक ऐकू आली? त्यांनी मला जवळ बोलावलं. नुसती हवा, शब्द ओठांवरून ओळखायचे. म्हणाले, “कुटला दिस कुटला... काय ठावं न्हाई.”

मी सगळ्या शक्यता तपासल्या आहेत. पोटातून बोलणारा कलावंत, कॉलेजचं टवाळ पोरगं, आम्हा सगळ्यांना एकदम झालेला भास... सगळ्या. एवढी माणसं एकाच वेळी हसली, तेही एकाच वाक्याला. भासाला कुणी एकदम हसत नाही. आणि थट्टा करणारा असलाच, तर त्याने आष्ट्याच्या त्या माणसाचा हरवलेला आवाज कुठून आणला? तार नव्हती. पलीकडे बोलणारा गळा नव्हता. माझ्या धंद्याच्या हिशेबाने तो कॉल लागायलाच नको होता. याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असलं तर सांगा, पण उगाच आत्मा-बित्मा म्हणू नका. माणूस समोर बसून चहा पीत होता.

निघताना वहिनी ओट्यापर्यंत आली. मुलगा अंगणात कोंबड्यांच्या मागे धावत होता. ती त्याच्याकडे बघत होती. मग मला म्हणाली, “भाऊजी, त्या दिशी तुमी त्यो आवाज टेप केला न्हवता का वो?”

“नाही वहिनी. टेपरेकॉर्डर नव्हताच आमच्याकडे.”

“आसू द्या,” ती म्हणाली. मग पोराकडे बोट केलं. “ह्येनं बापाचा आवाज कवाच ऐकला न्हाई. त्या दिशी बी तितंच गुदामात, पारूकाकूच्या मांडीवर, झोपल्याला. मी म्हनलं कशाला उटवायचं... उटवाय पायजे हुतं.”